मास्तरांचा डावा डोळा

...आणि वर ते मशीन म्हणतं, हलू नका! अहो, आमच्या शिंपीमास्तरांना, हलू नका? तुम्हाला सांगतो, ज्या माणसाचा पाय जन्मभर शिलाईमशीनवर नाचला, जो झोपेतसुद्धा पायडल मारतो, त्याला म्हणे हनुवटी इथे ठेवा, कपाळ तिथे टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा आणि पापणी मिटू नका! बिचारे दवाखान्यात आले होते रक्तातली साखर तपासायला. सिस्टरबाईंनी दारातच पकडलं. "काका, साखरवाल्यांच्या डोळ्यांचे फोटो काढतोय. आतला पडदा बरा आहे की नाही, कॉम्प्युटर लगेच सांगतो."

मास्तर उसळलेच! "माझे डोळे? सुईत दोरा ओवतो मी अजून, बिनचष्म्याचा!"

पहिला फोटो... मास्तर शिंकले. दुसरा... पापणी मिटली. तिसऱ्याला वळून बायकोला विचारतात, "दुकानाची कडी घातलीस ना गं?" कॉम्प्युटरचं आपलं एकच पालुपद, फोटो अस्पष्ट, पुन्हा काढा. शेवटी काकूंनी मागून त्यांचं डोकंच धरलं, कलिंगड धरावं तसं, तेव्हा कुठे फोटो निघाला! आणि कॉम्प्युटर काय म्हणाला? डावा डोळा तज्ज्ञांना दाखवा.

झालं! "जन्मभर मशीन मी चालवलं, आता मशीन मला चालवणार? चुकतंय ते!"

"चुकतही असेल काका, म्हणूनच तर डॉक्टर बघणार."

"अहो पण सुईत दोरा..."

"ओवता! कळलं!" काकू ओरडल्या, पण आवाज कापला हो त्यांचा. मास्तर गप्प झाले. म्हणजे तोंडाने. पाय चालूच, बाकाखाली टकटक, टकटक...

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दोरा ओवताना डावा डोळा मिटता का?"

"मिटतो की! नेम कसा लागणार?"

"मग आता उजवा मिटा."

मिटला... आणि भिंतीवरची अक्षरं गेली की हो विरघळून! सुईत दोरा ओवणारा डोळा वेगळाच, आणि आजारी पडलेला वेगळाच! थेंब घालून, आत डोकावून बाई म्हणाल्या, "पडद्याला सूज आहे. वेळेवर आलात. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल."

"म्हणजे... सुई? डोळ्यात?"

तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मास्तरांचा पाय थांबला! काकूंचा हात असा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. पण घेतलं इंजेक्शन. एकदा नाही, अनेकदा. दर वेळी आधी कुरकुर, मग हात.

आणि सुधारला की डोळा! परवा दुकानात उभे राहिले आरशासमोर, दोन्ही डोळे उघडे, ऐटीत... आणि बघतात तो काय? अंगावरच्या, स्वतःच शिवलेल्या सदऱ्याचा खिसा तिरका! धावत बाहेर आले. समोरून वाणी चाललेला, खिसा तिरका. न्हावी, तिरका. पोस्टमन... तोही तिरकाच!

मास्तर पायरीवर मटकन बसले. "अगं, एकानेही सांगितलं नाही मला?"

काकू म्हणाल्या, "सांगणार कसे? त्यांना वाटलं, फॅशन आहे!"