झाकण नसलेल्या भांड्यातली पंधरा मिनिटं

...आणि वर आई विचारते, "पंधरा मिनिटं मोजायला नऊ वर्षं?" आता काय सांगणार, कपाळ? तुम्हाला सांगते, आमची ताई न्यूट्रॉनचं आयुष्य मोजते. अणूच्या पोटातला कण हो! आत असतो तोवर मजेत, एकटा बाहेर काढला की सरासरी पंधरा मिनिटं, त्याहून थोडी कमीच, की खलास! ताई त्यांना इतकं थंड करते, इतकं थंड करते, की ते माणसाच्या पळण्याएवढे हळू होतात, मग एका उंच भांड्यात भरते. वर झाकणसुद्धा नाही! बाहेर उडी मारायचा जोरच उरत नाही त्यांच्यात. मग थांबायचं. खालची झडप उघडून उरले किती ते मोजायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा थांबायचं... पंधरा मिनिटंच की हो!

तर सात वर्षांनी आकडा आला. शोधनिबंध तयार, उद्या पाठवायचा, साहेब खूश... आणि हिनं झडप खोलून बघितली! कोणी सांगितलं होतं? कडेला केसाएवढी चीर. म्हणजे सगळे मरत नव्हते, काही चक्क गळत होते! साहेब म्हणाले, "अहो बाई, एवढीशी चीर, कोणाला दिसणार आहे?" ताई म्हणाली, "मला दिसली ना." झालं! पहिली चार वर्षं भांडं उभारण्यात गेलेली, पुढची तीन वर्षांची मोजणी पाण्यात.

भरदुपारी घरी आली ती चपला न काढता थेट ओट्याशी. भावजी घाबरले. "अगं, रडून घे जरा."

"येत नाहीये."

"मग साहेबांवर चिड तरी!"

"तेही येत नाहीये."

चहा ठेवला, उतू गेला, ही नुसती बघतेय... गॅस मी बंद केला. आणि दुसऱ्या दिवशी नऊला डबा घेऊन कामावर हजर! नवी झडप, भरा, थांबा, मोजा, आणखी दोन वर्षं! पंधरा मिनिटंच की हो!

परवा नवा आकडा आला. मी दारातच धरलं. "किती फरक पडला गं?"

"एक सेकंद."

"एक?! आणि ते दुसरे, भांड्यात न भरता कणांचा झोत सोडून मोजणारे? त्यांचं तुमच्यापेक्षा नऊ सेकंद जास्त येत होतं ना?"

"आता आठ."

"मग चुकतंय कोण?"

"ते असतील. आम्ही असू." पर्स खुंटीला अडकवली. "सोमवारी मोठं भांडं येतंय."

आईला एवढंच ऐकू गेलं. आतून खूश होऊन ओरडली, "म्हणजे आता लवकर होईल ना गं?"

"हो आई. सहाच वर्षं."