अकराव्या गाडीचा संडास

हॅलो? नोलीन? … हो, रेविनच बोलतेय. … आवाज घुमतोय कारण मी संडासात आहे. … घरच्या नाही गं, गाडीतल्या. टेमुकाच्या त्या क्लिफची, झोपायची-राहायची गाडी बघायला आलोय ना आज, तिच्यातल्या. … पोट ठीक आहे माझं. अडकलेय मी.

… अडकलेय म्हणजे दार उघडत नाहीये. … हस. पोटभर हसून घे. तुझ्याच सांगण्यावरून आत आले ना?

… मग कोणी सांगितलं? ‘तू संडासात जा, बेव्हनला पलंग पसरून आडवा होऊ दे, आणि मग तुला बाहेर येता येतं का बघ. पलंग पसरलेला असताना संडास वापरता आला नाही, तर गाडीला मुक्कामाचा हिरवा परवाना मिळत नाही, आणि परवाना नसेल तर फुकटच्या जागांवर मुक्काम विसरा.’ … हो ना? शब्द न् शब्द पाळला. … पलंग पसरला त्याने, पूर्ण. आणि दार बाहेर उघडतं. चार बोटं उघडतं आणि पलंगाला टेकतं.

… सांगितलं ना त्याला, मागे घे म्हणून. ऐकतोय कोण? झोपलाय तो. … खरंच झोपलाय. डोकं टेकलं आणि गेला. कानातली ऐकायची यंत्रं काढून टोपीत ठेवलीत, फटीतून मला टोपी दिसतेय. … बुटाने ठोकलं. … आणि ढकलू कशी? पलंग ढकलायचा म्हणजे वर बेव्हन आहे.

… क्लिफ? तो कुत्रं घेऊन पलीकडच्या कुरणात गेलाय, मेंढ्या हलवायला. ‘निवांत बघा’ म्हणाला. बघतेय की निवांत.

… नको, नको, त्याला फोन करू नकोस इतक्यात. … अगं ऐक ना. ही अकरावी गाडी आहे. … अकरावी. सकाळी निघताना बेव्हन काय म्हणाला माहितीय? ‘रेविन, तुला गाडी नकोच आहे, तुला दोष हवेत. हिलाही नको म्हणालीस तर विषय बंद. पुन्हा नाव काढणार नाही.’ … चिडून नाही गं. चिडला असता तर बरं झालं असतं. टोस्टला लोणी लावत शांतपणे म्हणाला.

… हो, काढले मी दोष. पहिलीला कुत्र्याचा वास होता. दुसरीची पायरी उंच. … चौथीचे पडदे. … तू बघितले नाहीस ते पडदे. तपकिरी, वर नारिंगी कमळं, एकेक थाळीएवढं. … बरं, सातवीच्या मालकाने मिशा रंगवल्या होत्या. हे कारण नाही, मान्य.

… काय? … भिंत? आत्ता? … बरं, कुठे? … खिडकीखाली, कोपऱ्यात. थांब, फोन कानाला लावून वाकता येत नाही इथे, गुडघे दाराला लागतात. … इथे नवा कागद चिकटवलाय, बदकांचा. बाकी भिंत साधी, एवढ्याच तुकड्यावर बदकं. … अंगठ्याने? जोरात? …

अगं बाई.

… गेला आत. अंगठा. … पाव्हलोवा केक बोटाने फोडल्यासारखा. वरून कडक, आत नुसता लगदा. … हो, ओलं आहे. वासही येतोय आता. … म्हणून बदकं लावली, चोराने.

… हो ना. सुटले की मी. … खरा दोष, मी शोधून काढलेला नाही. भिंत कुजलेली, वर परवाना मिळायचा नाही. बेव्हनलाही काही बोलता येणार नाही. आपण घरी, विषय बंद, माझी बिगोनियाची रोपं माझ्यापाशी.

… थांब, फटीला कान लावते.

… घोरतोय तो, नोलीन. … तुला नाही कळायचं. जूनमध्ये गाई विकल्या ना, तेव्हापासून हा माणूस झोपला नाहीये. चार वाजता उठतो. दूध काढायला गाई नाहीत, मग कपडे करून गोठ्यापर्यंत जातो आणि परत येतो. … डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या घेऊनही चार वाजता उठतो, फक्त धडपडत जातो. … आणि आता दिवसाढवळ्या, दुसऱ्याच्या गाडीत, बूट घालून, तोंड उघडं टाकून झोपलाय. … वीस मिनिटं तरी झाली असतील.

… मला वाटतं मी घाबरले होते. … गाडी चालवायला नाही गं, दुधाचा टँकरसुद्धा चालवलाय मी. … चाळीस वर्षं तो गोठ्यात, मी घरात. आमचं बरं चाललं कारण मध्ये दोनशे गाई होत्या. आता वीस फुटांच्या डब्यात दोघंच. काय बोलायचं एकमेकांशी?

… हो, हेही खरं. त्याला निम्मं ऐकूच येत नाही.

… नोलीन, एक सांग. तू दर गुरुवारी वायमाटेला जातेस ना? ती चौथी गाडी, पडद्यांची, अजून उभी आहे का तिथे? … विकायची पाटी लावलेली? … परवासुद्धा? … नाही, त्या गाडीला संडास पुढे आहे, चढायच्या दारापाशी. पलंग अगदी मागे. मला चांगलं आठवतंय. त्या कमळांवर इतकी चिडले होते की तेवढं कबूल करायचं राहून गेलं. … पाटीवरचा नंबर आहे तुझ्याकडे? … का घेऊन ठेवला होतास? … लबाड आहेस तू.

… मग लाव त्यांना फोन. दुपारी येतो म्हणावं. आणि सगळ्या भिंती दाबून बघणार आहे, तेही सांग. … क्लिफला नको. झोपू दे बेव्हनला आणखी थोडा वेळ. मी बसलेय, जागा बसायचीच आहे.

… थांब. पलंग करकरला. … ठेवू नकोस.

बेव्हन? … इकडे. संडासात. … मघापासून. … नाही, चिडले नाही. आधी टोपीतली यंत्रं कानात घाल. … टोपीत. … उजवं डाव्यात जात नाही, बेव्हन. … झालं? ऐक. ही नको. … पुढचं ऐक, तोंड पाडू नकोस, फटीतून दिसतंय मला. भिंत कुजलीय हिची, तू स्वतः अंगठा घालून बघ. … नाही. विषय बंद नाही. इथून वायमाटेला जायचंय. … चौथी. … हो, तीच.

… पडदे मी शिवेन. तू पलंग मागे घे.

… ठेवते गं, नोलीन. दार उघडलं.