शिडाची नाव

तुम्ही सगळ्या नावेत बसायचं ठरवताय, म्हणून माझं सांगते. भूकंपानंतरच्या वर्षी औशाकडची मावशी दोन लेकरं घेऊन आमच्याकडे नांदेडला आली होती. सोनी सात वर्षांची, पिंटू चारचा. मी दोघांना गोदावरीच्या घाटावर नेलं. तिथे एक मोटारबोट उभी होती आणि एक शिडाची नाव. मोटारबोटीत माझ्या क्लासच्या दोन मुली बसल्या होत्या. एरवी त्या माझ्याशी बोलतही नसत, पण त्या दिवशी त्यांनीच हात केला. मी लेकरांना घेऊन तिकडेच निघाले.

इंजिन सुरू झालं, पायाखालची फळी थरथरली आणि सोनीनं पिंटूला मागे ओढलं.

"चल की," मी म्हणाले. "त्या बघून राहिल्यात."

"न्हाई. शिडाच्या नावेत बसू."

"ती लई हळू जाती."

"जाऊ दे. हिचा आवाज तसाच हाय."

"कसा?"

"घर पडायच्या आधी खालून आला होता, तसा."

मी गुपचूप शिडाच्या नावेकडे वळले. मुलींनी विचारलं, "काय गं, तिकडे का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी हसून म्हणाले, "आमची ही पाहुणी जरा भित्री आहे."

त्या हसल्या. नावेत चढल्यावर सोनीनं पिंटूला मांडीवर घेतलं, सरकून मला जागा केली आणि म्हणाली, "ताई, तू मधी बस. कडंला भ्या वाटंल तुला."