डोनलची तीन हजार रोपं आणि सुनेत्राताईंचा हिवाळा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय शोभनाताई, व्यासपीठावर बसलेले आपले पाहुणे, विकलोच्या डोंगरातले शेतकरी श्री. डोनल, सत्कारमूर्ती सुनेत्राताई, त्यांचे यजमान नितेशराव, आणि चेरीवूडपासून थेट डंडॉकपर्यंत सगळीकडून शनिवार मोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना या मंडळाचा सचिव इंद्रनील याचा नमस्कार.

डोनल, सॉरी हं, पुढची दहा मिनिटं मराठीत आहेत. चहा घ्या.

सुनेत्राताई मंगळवारी नागपूरला परत चालल्या आहेत. नितेशरावांची नोकरी मे महिन्यात गेली, दुसरी मिळाली नाही, आणि परमिटची मुदत कुणासाठी थांबत नाही. त्यांचा गोड स्वभाव, गणपतीतली रांगोळी, याबद्दल आधीच्या वक्त्यांनी सुरेख सांगितलं. मला मात्र हरणांबद्दल बोलायचं आहे. सभागृहात थोडी चुळबूळ झाली ती दिसली मला. पण चार वर्षं ही बाई इथे दुसरं काय करत होती?

नागपूरला त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. इथे नवऱ्याच्या परमिटवर, डिपेंडंट म्हणून आल्या आणि वर्षभरात डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या हरीण गटाचं काम बघायला लागल्या. इथली सिका हरणं मूळची इथली नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी कुणा जहागीरदाराने हौसेने जपानहून आणली, ती पळाली आणि रानभर झाली. त्यांना खाणारं जनावर या बेटावर उरलेलं नाही. गवत, पीक, कोवळी झाडं, सगळं फस्त. मग परवानाधारक शिकारी बोलवायचे, मुख्यतः माद्या कमी करायच्या, आणि मांस वाया न घालवता लोकांच्या ताटात पोचवायचं, हे ताईंचं काम.

डोनल यांनी पत्नी गेल्यावर तिच्या आठवणीत डोंगरउतारावर ओकची तीन हजार रोपं लावली. दोन हिवाळे हरणांनी शेंडे खाल्ले. तिसऱ्या वर्षी त्यांनी उंच जाळीचं कुंपण घातलं आणि ताईंनी त्यांना शब्द दिला की या हिवाळ्यात रोपं वाचवू.

आणि डिसेंबरात, त्या भागात शिकार केलेलं हरीण स्वीकारणारं जे एकमेव शीतगृह होतं, ते बंद झालं. मालक आजारी पडले, दोष कुणाचाच नाही. पण शिकाऱ्यांनी हात वर केले. "मारून खड्ड्यात टाकायचं असेल तर आम्ही येणार नाही," असं ते म्हणाले. मला विचाराल तर बरोबरच म्हणाले.

ताई दारोदार फिरल्या. शेवटी आपल्याकडे आल्या. या हॉलच्या स्वयंपाकघरामागे कोल्ड रूम आहे, तिची किल्ली मंडळाकडे असते आणि आपण ती वर्षातून दोनदा उघडतो. त्यांनी आठ आठवड्यांसाठी मागितली. तपासणी अधिकारी पाहून गेले होते, दुसरं अन्न तिथे ठेवायचं नाही एवढीच अट होती. कमिटीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, भारतात हरीण मारलं तर तुरुंगात जातो माणूस. कुणी म्हणालं, जिथे मोदक ठेवतो तिथे? मी स्वतः रोज चिकन खातो, तरी गप्प बसलो. आणि "सभासदांच्या भावना लक्षात घेता" असा नकाराचा ईमेल मी लिहिला. मसुदा चांगला जमला म्हणून माझं कौतुकही झालं.

जानेवारीत वादळ आलं. डोनलच्या कुंपणावर दोन मोठी झाडं पडली, आणि दुरुस्तीला माणूस मिळेपर्यंत कळपच्या कळप आत शिरले. नितेशराव तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी भारतात होते. दुपारी मला ताईंचा फोन आला. "इंद्रनील, तुमची गाडी मोठी आहे. प्लीज या. मला एकटीला हरीण उचलवणार नाही."

त्यांनी परीक्षा देऊन परवाना काढला होता, पण तोवर एकदाही गोळी झाडली नव्हती. पावसात आम्ही तासभर झुडपामागे बसलो. एक मादी आली. ताईंनी नेम धरला, आणि एका गोळीत ती कोसळली. मी म्हटलं, "ग्रँड!" त्या सुरी काढून तिच्याकडे चालू लागल्या.

मांस खराब होऊ नये म्हणून पोट लगेच साफ करावं लागतं. ताईंनी सुरी चालवली आणि थांबल्या. आत पाडस होतं. मांजराच्या पिल्लाएवढं, डोळे मिटलेले.

मला वाटलं, आता या रडतील, घरी जाऊ म्हणतील. त्या रडल्याच, पण हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत होतं. या दिवसांत सगळ्याच गाभण असतात. मी मुलांना शिकवलंय हे." मग म्हणाल्या, "हे एक झालं. रोपं वाचवायला साठ हवीत, इंद्रनील. मी एकटी कुठून आणू साठ?"

मार्चअखेरपर्यंत त्यांनी अकरा हरणं मारली. जेवढं घराच्या फ्रीजमध्ये मावेल तेवढंच, एका वेळी एक. त्या पहिल्या हरणाचा सावजी रस्सा त्यांनी डोनलकडे नेला. डोनल लालबुंद होऊन, नाक पुसत दोन वाट्या प्यायले. हसू नका, मीही तीच अवस्था करून घेतली होती.

एप्रिलमध्ये आम्ही तिघांनी रोपं मोजली. तीन हजारांपैकी शेंडा शाबूत असलेली दोनशे चाळीस. ताई उतारावर मटकन खाली बसल्या. "मी शब्द दिला होता," एवढंच म्हणत राहिल्या. डोनल त्यांच्या शेजारी चिखलात बसले, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, आणि म्हणाले, "यू केम, गर्ल. नोबडी एल्स केम."

मंडळी, मी तिथे उभा होतो आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं.

येत्या नोव्हेंबरात माद्यांचा हंगाम पुन्हा सुरू होईल. शीतगृह अजून बंद आहे. गटाचं काम घ्यायला कुणी तयार नाही. मी परवान्याच्या परीक्षेला बसलो, लेखी पास झालो आणि नेमबाजीत नापास. पुन्हा बसणार आहे, पण खरं सांगतो, मला भीती वाटते. कोल्ड रूमसाठी मी कमिटीला परत लिहिलंय. दोन आठवडे झाले, सात जणांपैकी एकानेही उत्तर दिलेलं नाही, आणि ते सातही जण आज इथे बसलेले आहेत. तुमच्याकडून हो मिळेल अशी आशा धरू की नको, तेवढं तरी सांगा.

शोभनाताईंनी वेळ दिला, डोनल एवढ्या लांबून आले, आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण सारे सांभाळून घ्याल. पण तो ईमेल बोलण्याच्या भरात गेला नव्हता, ताई. तो मी शांत डोक्याने, दोनदा वाचून पाठवला होता. त्याची क्षमा मी तुमच्याकडे मागतो, आणि तुम्ही आज ती दिली नाहीत तरी चालेल.

नमस्कार.