बोगद्यापुरता पाठमोरा

नायक : हा डोंगर पुन्हा आला.

पाठमोरा : तिसऱ्यांदा आला. रंगवलेलं कापडच तेवढं आहे, साहेब. दोन उभ्या रोलरांना गुंडाळलंय, फिरतंय गोल. आता पाणचक्की येईल, मग पुन्हा हाच डोंगर.

नायक : माहीत आहे रे. पण डबा असा डुलायला लागला की खरंच कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. बाहेर चौघंजण बांबू लावून हलवतायत, हे मुद्दाम आठवावं लागतं.

पाठमोरा : डुलकी लागली होती तुम्हाला.

नायक : डुलकी कसली. तो बंदरातला प्रसंग आठवत होता. धक्क्यावरून उडी, काळं पाणी, तोंडात डिझेलची चव. अजून कळ येते दातांत.

पाठमोरा : उडी मी मारली होती.

नायक : तू?

पाठमोरा : तुम्ही वर ब्लँकेट पांघरून सूप पीत होतात. नंतर तुमच्या डोक्यावर एक बादली ओतली आणि चेहऱ्याचा शॉट घेतला.

नायक : मग कळ येते ती कोणाची?

पाठमोरा : माझी असणार. माझे दात कधी दुखत नाहीत. आता तसं म्हटलं तर मलाही ती गच्चीवरची राजदूताची मुलगी आठवते. केसांचा वासबीस सगळा. आणि त्या दिवशी मी रजेवर. मेव्हण्याकडे फरशी बसवत होतो.

नायक : म्हणजे आपण दोघं मिळून एक गुप्तहेर झालो. तोंड माझं, पाठ तुझी.

पाठमोरा : पोस्टरवर तोंडच छापतात.

भोंगा : साहेब, पाठमोरे, दोघांनी ऐका. साहेबांच्या चेहऱ्याचं काम संपलं, आता फक्त बोगदा राहिलाय. गाडी बोगद्यात शिरते, पाठमोरा गुप्तहेर डब्यातून चालत अंधारात जातो, आणि पलीकडून बाहेर येतो तो नवा नायक. चेहरा का बदलला हे कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. प्रेक्षक समजून घेतात.

नायक : मला आणलं तेव्हाही घेतलं होतं समजून. आधी वर्षभर शिव्या घातल्या, मग समजून घेतलं.

पाठमोरा : हळू बोला.

नायक : हे बटण दाबल्याशिवाय दिग्दर्शिका बाईंना काही ऐकू जात नाही. आणि तू उठू नकोस. आज मी जातो.

पाठमोरा : कुठे?

नायक : बोगद्यात. पाठमोरा होऊन. टोपी आहे, कॉलर वर केली की मानही झाकते. वर तो धूर. बाई बसल्यात पलीकडच्या खोलीत, पडद्यापुढे. तिथून काय डोंबल कळणार आहे?

पाठमोरा : पण कशासाठी?

नायक : आमची ही आलीय आज. बाईंच्या शेजारी बसलीय.

पाठमोरा : वहिनी? त्या तर सेटचं नाव काढलं तरी वैतागतात.

नायक : माझा शेवटचा दिवस, म्हणून आली. आमचं लग्न ठरलं ना, तेव्हा म्हणाली होती, पहिल्या चित्रपटात तुम्ही धुक्यात पुलावरून चालत जाता, तिथेच माझा निकाल लागला. हजार पाठींतून ही पाठ ओळखेन म्हणाली.

पाठमोरा : पुलावर तर...

नायक : तू होतास.

पाठमोरा : आणि वहिनींना?

नायक : विषय निघाला नाही. मग मुलं झाली, त्यांचे विषय निघत राहिले. पण आज इथून बाहेर पडलो की मी कोणीच नाही. त्याआधी एकदा तिने माझी पाठ बघून मला ओळखलं पाहिजे. नाहीतर इतकी वर्षं तिच्याशी संसार कोणी केला, मी की तू?

पाठमोरा : तुम्हीच केलात. माझी बायको शपथेवर सांगेल. पण साहेब, नेमका आजच नको. नव्या नायकाने आपला चुलतभाऊ आणलाय, माझ्या जागी. बाई म्हणाल्या, बोगदा बघते; पाठ पटली तर तुम्हीच राहा. माझी परीक्षा आहे ही.

नायक : एकच टेक. बिघडला तर पुढचा तुझा.

पाठमोरा : बिघडला तर माझ्या नावावर बिघडेल.

नायक : हो. तेही खरंच आहे. राहू दे.

पाठमोरा : ही पाणचक्की गेली बघा.

नायक : बघितली.

पाठमोरा : म्हणजे वहिनी भाळल्या त्या माझ्या चालण्यावर?

नायक : तिच्याच तोंडचं सांगतोय.

पाठमोरा : मला वाटायचं, पाठ दिसली की लोक खाऱ्या दाण्यांची पुडी फोडायला घेतात. चला, उठा. टोपी जरा पुढे ओढा. खांदे सोडून द्या. मागे कोणी बघत नाही असं समजून चालायचं, एवढंच. एकच टेक.

(डबा डुलतो. दिवे एकेक करून मालवतात. पावलं लांब जातात, थांबतात, मग सावकाश परत येतात.)

भोंगा : कट. पाठमोरे, काय झालंय आज? डावा पाय ओढताय. खांदा पडलाय. निवृत्त माणूस भाजी आणायला निघालाय असं वाटतंय. अहो, साहेबांसारखं चाला ना जरा.

नायक : ऐकलंस?

पाठमोरा : ऐकलं. हसू नका, धुराने ठसका लागेल.

भोंगा : हे असंच होणार असेल तर मला त्या चुलतभावाला बोलवावं लागेल. पुन्हा घेऊ.

पाठमोरा : साहेब, आता सरका. माझ्या पोटावर येईल.

नायक : अजून एकदा. ह्या वेळी पाय सरळ टाकतो.

पाठमोरा : एकच ठरला होता.

नायक : ती काही बोलली नाही रे. तिला काही दिसलंच नाही.

पाठमोरा : त्या कशा बोलतील? भोंगा बाईंच्या हातात.

भोंगा : आणि साहेब, आहात ना तिथे? वहिनी विचारतायत, गुडघ्याचा पट्टा घरीच राहिला का? मी सांगितलं त्यांना, साहेब मघापासून बसूनच आहेत. तरी विचाराच म्हणतात.

पाठमोरा : साहेब. बटण दाबा.

नायक : हो म्हणावं. घरीच राहिला.

भोंगा : बरं, सांगते. पाठमोरे, तयार?

पाठमोरा : काय, जाताय पुन्हा?

नायक : नको. तू जा. मी जरा पाय लांब करून बसतो.