पेवात आधी कंदील

मंडळी, बसा, बसा! मागचे जरा पुढे सरका, पुढचे जरा गप्प बसा! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणसानं भ्यावं कशाला? जे ठाऊक नाही त्याला – की 'हे मला ठाऊकच आहे' असं वाटतं त्याला? अंधाराला आपण भितो. सापाला भितो. पण घरातल्या माणसाला कोण भितो? – हं, काही पुरुष मंडळी हसली! तुमचं भिणं वेगळं हो!

ऐका तर. सांगलीत हळदीचे एक अडते होते, मल्लाप्पा आवटी. बायको फार लवकर देवाघरी गेली. घरात दोनच माणसं – अप्पा आणि त्यांची लेक हर्षला. नदीकाठी हरिपुरात यांची जुनी पेवं. पेव म्हणजे काय? जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार! तोंड अरुंद, आत खोलच खोल. झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही, बरं का! आत हवा कोंडलेली – विषारी! आधी थांबायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला, तर उतरणारा माणूसही तसाच विझणार!

अप्पा लेकीला सांगायचे, "बाळा, परक्याच्या पेवात माणूस जपून उतरतो. मरतो तो स्वतःच्या पेवात. आपलंच आहे म्हणतो नि उतरतो." लेकीनं ऐकलं, मान डोलावली आणि विसरून गेली – आपण कीर्तन ऐकतो तसंच!

हर्षला मोठी झाली, इंजिनिअर झाली. मनात आलं, मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये शिकायचं. त्याला प्रवेश परीक्षा. कोल्हापूरला केंद्र, समोर कॉम्प्युटर, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय! गणितात पोरगी वाघीण. पण दुसरा विभाग व्हर्बल. इंग्रजी उतारा वाचायचा आणि लेखक काय म्हणतो ते सांगायचं. तिथं आपटली! आणि त्या परीक्षेची रीत अशी, की गुण तिथल्या तिथं पडद्यावर! मनात एकच – 'कोणत्या तोंडानं घरी जाऊ?'

गेलीच नाही, मंडळी. फोन बंद केला नि मैत्रिणीच्या खोलीवर भिंतीकडे तोंड करून बसली. दिवे लागले, जेवणवेळ टळली, तेव्हा कुठं घरी आली. दारात अप्पा! चेहरा काळाठिक्कर. ओठ थरथरतायत. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला – आणि दिवस उन्हाळ्याचे, पावसाचा थेंब नाही! अप्पा एवढंच म्हणाले, "जेवून घे."

हर्षलाला त्या चेहऱ्यात काय दिसलं? राग! 'आता म्हणणार, पुरे झाल्या परीक्षा, स्थळं बघू.' त्या दिवसापासून पोरगी बापाला भिऊ लागली. अप्पांची चप्पल वाजली की पुस्तकात तोंड खुपसायची. अप्पा खोलीच्या दारात यायचे, "बाळा, या वेळी जर नाही जमलं, तर –"

"माहितीये, अप्पा!"

अप्पा परत फिरायचे. असं किती वेळा झालं, मंडळी! वाक्य दारातच मरायचं.

पुन्हा परीक्षा द्यायची ठरली. हजारो इंग्रजी शब्द घोकले. अहो, शब्द घोकून उतारा कळला असता, तर पोपट प्राचार्य झाला असता! शेवटी गेली मिरजेला, सॅम्युअल सरांकडे. म्हातारे इंग्रजीचे मास्तर. त्यांनी तिच्याकडून सरावाचे उतारे सोडवून घेतले नि कपाळाला हात लावला.

"पोरी, देवमाशाच्या उताऱ्यावरची उत्तरं सगळी बरोबर. आणि बाजारपेठेच्या उताऱ्यावरची सगळी चूक? तू अडत्याची लेक ना गं?"

"म्हणून तर, सर! मला बाजार ठाऊक आहे!"

"तिथंच मेलीस! देवमासा ठाऊक नव्हता, म्हणून उतारा शेवटपर्यंत वाचलास. बाजार ठाऊक होता, म्हणून दोन ओळी वाचल्यास नि बाकीचं स्वतःच्या मनातलं सांगितलंस. तुझं शहाणपण बाहेर चपलांजवळ ठेव. लेखकाचं शेवटचं वाक्य संपेपर्यंत मनात उत्तर धरायचं नाही!"

पोरगी रोज मिरजेला जाऊ लागली. सुधारत होती, पण मनातून एक गोष्ट काही जाईना. 'दुसऱ्यांदा पडले तर? अप्पांच्या पुढं उभी कशी राहू?'

परीक्षेची सकाळ उजाडली. अप्पांनी हातावर दही-साखर ठेवली. "बाळा, या वेळी जर नाही जमलं, तर –"

"माहितीये, अप्पा! आत्ता नको ना!" आणि निघून गेली.

केंद्रात बसली. व्हर्बल सुरू झालं. आणि समोर उतारा कशावर यावा? धान्याच्या अडतीवर! मन म्हणालं, हे तर आपलंच! बोट उत्तराकडे धावलं – आणि थिजलं. अंगावर काटा आला, मंडळी! हे आपलंच पेव! कंदील सोडलाय का?

परत पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि शेवटी तो लेखक, तिला वाटलं होतं त्याच्या बरोब्बर उलट म्हणत होता! दोन ओळींवर उत्तर दिलं असतं तर पुन्हा मेली असती.

त्या जागी बसल्या बसल्या तिला कापरं भरलं. परीक्षेचं नव्हे! 'मी अप्पांच्या पण दोनच ओळी वाचल्यात. पुढचं सगळं मीच लिहिलंय.'

परीक्षा संपली, गुण दिसले. किती? थांबा हो, तिच्या बापाच्या आधी तुम्हाला घाई! ती बाहेर आली, फोन लावला आणि गुण सांगितलेच नाहीत.

"अप्पा, सकाळी तुम्ही काहीतरी म्हणत होतात. पुरं करा."

पलीकडून घोगरा आवाज. "काही नाही गं. एवढंच, की नाही जमलं, तर सरळ घरी ये. मागल्या वेळी दिवे लागले तरी आली नाहीस, फोन बंद. मी नदीच्या घाटावर गेलो होतो, बाळा. पायऱ्या उतरून पाण्यात गुडघाभर उभा होतो. हाका मारत होतो. तेव्हापासून मला झोप नाही."

ओला पायजमा, मंडळी! समोर होता! लेकीनं बघितला आणि वाचला नाही. फुटपाथवर उभी राहून पोरगी ढसाढसा रडली.

"अप्पा, मी येतेय. सरळ घरी येतेय."

गुण? वाढले हो, चांगले घसघशीत वाढले! पण अप्पांनी ते रात्री जेवण झाल्यावर विचारले.

आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका! तुमच्या घरात कोण वाक्य अर्धं टाकून बसलंय? म्हातारी आई? न बोलणारा मुलगा? 'त्याचं काय, मला ठाऊक आहे' असं कुणाविषयी म्हणता? त्याच माणसाला भ्या! तेच तुमचं पेव. आज घरी गेलात की चपला काढा, शहाणपण चपलांपाशी ठेवा आणि त्याला म्हणा, "तू काय म्हणत होतास? पुरं कर." आणि तो बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका.

बोला, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेणाऱ्या त्या दयाळू परमेश्वराचा – जयजयकार!