काच न लावता

अगं, मी नुसती गंमत दाखवायला गेले होते. भोरच्या शाळेत विज्ञान शिकवते ना, म्हणून वर्गाआधी प्रयोग घरीच करून बघितला. एसटीच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला, गॉगलची एक काळी काच वहिनीच्या हातात दिली आणि म्हटलं, "एकाच डोळ्यावर धरा, दुसरा उघडा ठेवा."

वहिनी ओरडलीच, "अवो वन्सं, झाडं टीव्हीच्या भायेर आली की!"

काचेमागच्या डोळ्याचं चित्र मेंदूला जरा उशिरा पोचतं, म्हणून पळती झाडं पुढं आल्यासारखी दिसतात.

दादा जेवत होता. म्हणाला, "ह्यात काय नवल? मला काच न लावताबी तसंच दिसतंय."

मी हसले, पण लगेच लक्षात आलं, काच नसताना तसं दिसतं म्हणजे एका डोळ्याचं चित्र आपोआपच उशिरा पोचतंय. आणि दादा तर वेल्हे-नसरापूर प्रवासी जीप चालवतो.

"कधीपासनं?"

"पंधरा दिस झालं. आडवी जाणारी गाडी अंगावर आल्यागत वाटती."

त्याचा डावा डोळा झाकून मी समोरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. त्याला एकही आकडा लागेना.

वहिनी एवढंच म्हणाली, "उद्या जीप निघायची न्हाई."

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यामागची नस सुजलीय, वेळेत आलात. औषधांनी नजर परत आली, पण त्याला तीन महिने लागले. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तरी पहिल्या दिवशी वहिनी रिकाम्या जीपमध्ये दादाशेजारी बसली. नसरापूर येईपर्यंत आडव्या आलेल्या प्रत्येक गाडीला तो कुठं ब्रेक लावतो ते ती बघत होती. तिथं खाली उतरली आणि म्हणाली, "आता बसवा माणसं."